मरून शाल काळी का दिसते?

"मी नाशिकला राहते. वय 56. शाळेतली नोकरी संपल्यावर विणकामाला पुन्हा हात लावला. सासूबाईंनी सुया हातात दिल्या तेव्हापासून नमुने मनानेच पाडते, पण लिहून ठेवायची सवय नव्हती. लेक इंग्लंडात, लीड्सला असते. तिने लिहायला शिकवलं, इंग्रजी तपासून दिलं, आणि आता दीड वर्ष झालं, माझे आठ पॅटर्न, म्हणजे विणायच्या लिहिलेल्या कृती, रॅव्हलरी (विणणाऱ्यांची वेबसाइट) आणि एट्सी (हस्तकलेचा ऑनलाइन बाजार) यांवर विकायला आहेत. आजवर एकवीस प्रती गेल्या, त्यातल्या निम्म्या लेकीच्या मैत्रिणींनीच घेतल्या असतील. माझ्यासारखीच पानांची जाळी असलेली एका परदेशी बाईंची शाल मात्र धडाधड विकली जाते. मी तो पॅटर्न विकत घेऊन पाहिला. माझ्याहून वेगळं त्यात काही नाही. लेक म्हणते, आई, तुझं फोटोंमुळे अडतंय, चांगला कॅमेरा घे, साठ-सत्तर हजार लागतील. हे म्हणतात, माल चांगला असला की गिऱ्हाईक येतंच, फोटोचं काय एवढं! सगळे फोटो हेच काढतात, मोबाइलवर. पैसे पेन्शनचे आहेत म्हणून विचारते. कॅमेरा घेऊ का? आणि फोटोने खरंच एवढा फरक पडतो का?"

विणणारी आई, नाशिक

ताई,

कॅमेरा घेऊ नका. पैसे बँकेतच राहू द्या. फोटोने फरक पडतो, तुमच्या बाबतीत तर फारच पडतोय, पण तो फरक कॅमेऱ्याने भरून निघणारा नाही. तुमचे आठही पॅटर्न मी उघडून पाहिले. एकदा संगणकावर पाहिले आणि एकदा मोबाइलवर, कारण तुमचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोबाइलवरच असतं. रात्री जेवणं आटोपल्यावर पलंगावर टेकून ते अंगठ्याने पानं सरकवत असतं. त्या पडद्यावर तुमची शाल पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी दिसते, आणि शेजारी तेवढ्याच आकाराच्या आणखी पाच-सहा शाली असतात.

त्या तिकिटात मला काय दिसलं ते सांगते. फुलाफुलांची चादर, तिच्यावर एक काळसर त्रिकोण, कोपऱ्यात पाण्याच्या बाटलीचं झाकण. वर्णन वाचल्यावर कळलं की शाल मरून आहे. पानांची जाळी आहे हे कळायला फोटो दोन बोटांनी मोठा करावा लागला. मी तुमचं पत्र वाचलेलं होतं म्हणून एवढे कष्ट घेतले. अनोळखी बाई कशाला घेईल?

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला खोडून काढायचं नाही. माल चांगला असावाच लागतो. पण साडीच्या दुकानातला मुरलेला विक्रेता काय करतो ते आठवा. साडी कितीही उत्तम असली तरी तो घडी तुमच्यासमोर ठेवून गप्प बसत नाही. घडी मोडतो, पदर उलगडतो, काठ बोटांवर घेऊन दाखवतो आणि शेवटी पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून उभा राहतो, म्हणजे ती अंगावर कशी पडेल ते तुम्हाला दिसावं. मग तुम्ही काठाला हात लावता, पोत चाचपता, उजेडात नेऊन रंग बघता. पॅटर्न विकताना यातलं काहीच नसतं. बाईने पैसे भरले की तिच्याकडे एक पीडीएफ उतरते. तिच्यात शब्द आणि आकडे असतात, आणि ते पैसे भरण्याआधी तिला वाचता येत नाहीत. विकत घेण्यापूर्वी तिच्या हाती फोटोच असतो. घडी मोडणं, पदर उलगडणं, खांद्यावर टाकणं, सगळं त्यानेच करायचं.

ही काही इंटरनेटने आणलेली गोष्ट नाही. इंग्लंड-स्कॉटलंडात लोकरीच्या गिरण्या विणकामाची पत्रकं छापायच्या. वर स्वेटर घातलेल्या माणसाचा फोटो आणि आत कृती. बाई दुकानात तो फोटो बघूनच पत्रक घ्यायची आणि त्याबरोबर लोकरही न्यायची. अशीच हकीकत स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांतल्या फेअर आइलची. तिथली रंगीत नक्षीची स्वेटरं बेटांवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या घालत होती. 1920च्या दशकात ब्रिटनच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डने, तसं स्वेटर गोल्फ खेळताना घातलं, ते घालून चित्रकारासमोर बसला, आणि त्या नक्षीची सगळीकडे हौस सुटली. वीण जुनीच होती. लोकांना ती अंगावर घातलेली दिसली, एवढंच नवं होतं.

तुमच्याच कामातली, विणकामाचे पॅटर्न करणारी, अलीकडची दोन नावं सांगते. त्यांची पानं सवडीने बघा. अमेरिकेतला जॅरेड फ्लड, ब्रुकलिन ट्वीडवाला. 2005 साली त्याने ब्लॉग सुरू केला, स्वतः विणायचा आणि स्वतःच फोटो काढायचा. लोकरीचा धागा न्‌ धागा दिसावा असे ते फोटो. लोकांना त्याचं नाव आधी फोटोंमुळे कळलं, पॅटर्न आणि स्वतःची लोकर नंतर आली. दुसऱ्या स्कॉटलंडच्या केट डेव्हिस. त्यांची स्वेटरं तिथल्याच डोंगरात, तळ्याकाठी, वाऱ्यात घातलेली दिसतात. बघणारीला थंडीही दिसते आणि त्या थंडीवरचा उपायही. दोघांचं काम बघताना एक गोष्ट हेरा. फोटो देखणे आहेत हे खरं, पण मुख्य म्हणजे ते वाचता येतात. गळ्याची पट्टी कुठे सुरू होते, बाही खांद्याला कशी जोडलीय, वीण कोणत्या दिशेने चाललीय, हे विणणारीला एका नजरेत उमगतं. तुम्हीही दुसरीचं स्वेटर बघता तेव्हा टाके मोजायला लागता ना? तुमचं गिऱ्हाईकही तेच करतं. त्याला मोजू द्या.

आता शालीकडे येते. आठांतला सगळ्यांत चांगला पॅटर्न तोच आहे आणि सगळ्यांत जास्त अन्याय त्याच्यावरच झालाय.

फोटोच्या आधीचं एक काम राहून गेलंय. शाल सुईवरून उतरवून तशीच पसरलेली दिसते. जाळीची वीण ताणून वाळवल्याशिवाय उघडतच नाही, ती मुडपलेल्या कागदासारखी राहते. खरी लोकर असती तर भिजवून, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढून, गादीवर टाचण्या लावून ताणली आणि रात्रभर ठेवली की काम झालं असतं. पण वर्णनात तुम्ही अॅक्रिलिक लिहिलंय. अॅक्रिलिक पाण्याने ऐकत नाही. वाळलं की परत आकसतं. त्याला वाफ लागते. शाल टाचण्या लावून हवी तेवढी ताणा, वाफेची इस्त्री दोन बोटं वर धरा, कपड्याला अजिबात टेकवू नका, आणि वाफ देत देत पुढे सरका. जाळी उघडेल आणि तशीच राहील. एकदा वाफ दिलेलं अॅक्रिलिक पुन्हा पूर्वीसारखं होत नाही, जास्त झाली तर ते लुळं पडतं, म्हणून आधी एका लहान तुकड्यावर करून बघा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. साध्या टाचण्यांचा गंज शालीच्या टोकांना लागलेला मी पाहिलाय, आणि तो निघत नाही.

मग उजेड. तुमचे सगळे फोटो ट्यूबलाइटखाली काढलेत, काहींवर फ्लॅशही आहे. इथेच घात झालाय. विणीचा प्रत्येक टाका म्हणजे एक बारीक उंचवटा. उजेड एका बाजूने आला की त्या उंचवट्याची दुसऱ्या बाजूला बारीकशी सावली पडते. ती सावली म्हणजेच आपल्याला दिसणारी वीण. फ्लॅश समोरून येतो आणि सगळ्या सावल्या पुसून टाकतो. तुम्ही सहा आठवडे घालून उभे केलेले उंचवटे एका क्षणात सपाट होतात. आत्ता हे वाचताना जवळ काही विणलेलं असेल तर खिडकीशी न्या. उजेडाकडे तोंड करून धरा, मग हळूहळू नव्वद अंशात वळवा. एका जागी टाके अचानक उठून दिसतील. फोटो त्या जागी काढायचा.

खिडकी अशी निवडा की जिच्यातून ऊन थेट आत येत नाही. उत्तरेची खिडकी दिवसभर चालते. दुसरी असेल तर ऊन तिच्यावरून सरकेपर्यंत थांबा, नाहीतर पांढरं धुवट सुती कापड पडद्यासारखं लावा. घरातले सगळे दिवे बंद करा, हे विसरू नका. खिडकीचा उजेड निळसर, ट्यूबचा हिरवट, बल्बचा पिवळा. दोन उजेड एकत्र आले की मोबाइल गोंधळतो आणि शालीची एक बाजू एका रंगाची, दुसरी दुसऱ्या रंगाची दिसते. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा पत्रा किंवा मोठा ड्रॉइंगचा कागद उभा करा, म्हणजे अंधाऱ्या बाजूला थोडा उजेड परत जाईल. एवढंच सामान. घरातलंच आहे, बाकी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळेल.

मरून काळी का दिसते, याचंही उत्तर आहे. मोबाइल सगळं दृश्य बघून सरासरी उजेड ठरवतो. चादर पांढरी-पिवळी असली की त्याला वाटतं इथे उजेड फार आहे, मग तो सगळंच गडद करतो आणि शाल काळी पडते. फोटो काढताना पडद्यावर शालीवर बोट टेकवा. बहुतेक मोबाइलवर तिथे सूर्याची खूण येते. ती वर-खाली सरकवून शाल डोळ्याला दिसते तशी पडद्यावर दिसेपर्यंत जुळवा. फार वर नेऊ नका, कारण लाल रंग जास्त उजेडात वितळतो आणि त्यात टाके बुडून जातात. चादर काढून टाका. तिच्या जागी एकाच रंगाचं, ना फार गडद ना फार पांढरं असं काहीतरी हवं. खादीचं जाडसर कापड, लाकडी पाट, शहाबादी फरशीसुद्धा छान दिसते. शालीहून जास्त बोलणारी कुठलीच वस्तू चौकटीत नको.

मनातलं आणखी एक सांगते. मरून, काळा, गडद निळा हे रंग नमुन्याच्या तुकड्यासाठी घेऊच नका. आणि गुंड्यातच रंग बदलत जाणारी शेडेड लोकर जाळीसाठी किंवा वेणीच्या विणीसाठी तर मुळीच नको, रंगांच्या पट्ट्यांत वीण हरवते. फिकट राखाडी, हळदीचा उतरता पिवळा, पिस्ता, आकाशी, अशा रंगात सावली दिसते. ही शाल पुन्हा विणायला तुम्हाला महिना-दीड महिना लागेल हे मला ठाऊक आहे. तरीही या एका पॅटर्नसाठी मी ती पुन्हा विणा असंच म्हणेन. मरून वाया जात नाही, "दुसऱ्या रंगात अशी दिसते" म्हणून तीही लावता येईल.

हे मी अनुभवावरून सांगते. माझा पहिला पॅटर्न वेणीच्या विणीचा मफलर होता, गडद निळ्या लोकरीतला. मला त्या वेण्यांचा फार अभिमान होता. संध्याकाळी सोफ्यावर ठेवून, फ्लॅश मारून फोटो काढला. दहा महिन्यांत विकलेल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या. पुढच्या पावसाळ्यात तोच मफलर राखाडी लोकरीत विणला आणि गॅलरीत, मळभ दाटलेलं असताना, जाऊबाईंच्या गळ्यात घालून फोटो काढले. कृतीतलं एक अक्षर बदललं नाही. त्या हिवाळ्यात तो बऱ्यापैकी विकला गेला. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की मी नवे फोटो लावले ते सप्टेंबरच्या सुमारास, आणि त्या दिवसांत युरोप-अमेरिकेत थंडीच्या तयारीने सगळ्यांचीच विक्री वाढते. त्यामुळे सगळं श्रेय मी फोटोला देणार नाही. पण आधीचा सप्टेंबरही मफलर तिथेच होता, आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

मळभावरून आठवलं, आपल्याकडचा पावसाळा हा या कामासाठी वर्षातला सगळ्यांत चांगला काळ आहे. ढगांतून गाळून आलेला उजेड मऊ असतो, कडक सावल्या नसतात, रंग खरे येतात. आणि हिशोबही जुळतो: जुलै-ऑगस्टमध्ये फोटो काढून ठेवायचे, ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात पॅटर्न लावायचा. तिकडे पानगळ सुरू होते तेव्हाच बायका सुया बाहेर काढतात. एप्रिल-मेमध्ये कोणाला लोकरीचं स्वेटर घालून उभं करू नका. माणसाला घाम येतो, चेहरा कसनुसा होतो आणि ते फोटोत उतरतं.

शालीचे किती फोटो? पहिला, तिकिटाएवढा दिसणारा, तो अंगावरचा असावा. शेजारच्या कोणाला तरी साध्या एकरंगी कुर्त्यावर शाल घ्यायला सांगा, पाठ अर्धवट आपल्याकडे करून, म्हणजे त्रिकोणाचं टोक पाठीवर पडलेलं दिसेल. चेहरा दिसायलाच हवा असं नाही. गळ्याभोवती गुंडाळलेली शाल सुंदर दिसते, पण विणणारीला आकार कळत नाही. तसा एखादा फोटो पुढे असू दे, पहिला नको. दुसरा सपाट पसरून, सगळी टोकं दिसतील असा, अगदी वरून. तिसरा जवळून, एका पानाचा पूर्ण नमुना दिसेल एवढा. चौथा काठाचा. पाचवा दोन हातांनी खिडकीसमोर धरून, जाळीतून उजेड आरपार येतोय असा. पहिला चौकोनी कापला तरी शाल पूर्ण राहील इतकी जागा चहूबाजूंनी सोडा, कारण यादीत फोटो कापून दाखवतात. तुमच्या टोपीचं टोक तसंच उडालंय.

मोबाइल कसा धरायचा तेही सांगते. भिंग मऊ कापडाने पुसा. बोटांच्या तेलाने सगळे फोटो धुरकट येतात आणि आपण उजेडाला दोष देत बसतो. फार जवळ जाऊन काढू नका. जवळून मोबाइलची रुंद नजर वस्तूला फुगवते, पुढची बाही जाड आणि खांदे बारीक दिसतात. चार पावलं मागे जा आणि मोबाइलमध्ये दोनपटीचं वेगळं भिंग असेल तर ते वापरा. चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद करा, ती लोकरही गुळगुळीत करते. मागचं धूसर करणारी सोयही नको. लोकरीच्या कडेला जी बारीक लव असते ती त्या सोयीला कळत नाही, आणि कात्रीने कापल्यासारखी कड येते.

टोपड्यांचं वेगळं आहे. तुम्ही दोन्ही टोपडी बाहुलीच्या डोक्यावर घातलीत. बाहुलीचं डोकं लहान, त्यामुळे टोपडं मोठं आणि बेढब दिसतं. घरात कोणाचं बाळ असेल तर उत्तम, पण बाळाचा चेहरा जगभर पसरणार आहे हे त्याच्या आईवडिलांना नीट समजावून सांगा आणि त्यांचा होकार लेखी घ्या. बाळ नसेल तर बाळाच्या डोक्याएवढा फुगा फुगवा, त्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळा आणि टोपडं त्यावर चढवा. कडा भरून येतात, शिवण बसते, बंद खाली लोंबतात. शेजारी लोकरीचा छोटा गुंडा ठेवा म्हणजे आकाराचा अंदाज येईल. कुंचीचा पॅटर्न मात्र फुग्यावर दाखवू नका. ती खांद्यापर्यंत येते, तिला अंग लागतं. आणि ताई, कुंची हा प्रकार तिकडे कोणालाच ठाऊक नाही. बाळंतविड्यात कुंची का असते हे वर्णनात दोन ओळींत सांगा आणि कुंची दुपट्यावर मांडून एक फोटो काढा. हे तुमचं वेगळेपण आहे, ते झाकून ठेवू नका.

कार्डिगन दाराच्या खिळ्याला हँगरवर टांगलंय. ते उतरवा. हँगरवर कुठलंही स्वेटर पोत्यासारखंच दिसतं. जी बाई साडेतीन-चार महिने खर्चून ते विणणार, तिला एकच भीती असते: माझ्या अंगावर कसं बसेल? म्हणून ते अंगावरच दाखवायला हवं. एकदा हात खाली सोडून, बटणं लावून. एकदा एक हात वर उचलून, म्हणजे काखेत ओढ येते का ते दिसेल. एकदा पाठमोरं. आणि खाली स्पष्ट लिहा: घालणारीची छाती इतकी, स्वेटरची इतकी, म्हणजे इतकी ढिलाई. लेक लीड्सला आहे हा तुमचा मोठा फायदा. पार्सलने तिला पाठवा. तिकडच्या थंडीत, बागेत, खऱ्या गरजेने घातलेल्या स्वेटरचा फोटो आपल्या दिवाणखान्यात येणार नाही. शक्य झालं तर तिच्या एखाद्या अंगाने भरलेल्या मैत्रिणीलाही घालायला द्या. तुम्ही पॅटर्नमध्ये सहा मापं दिलीत आणि फोटो एकाच सडपातळ अंगावर असेल, तर उरलेल्या पाच मापांच्या बायकांनी विश्वास कशावर ठेवायचा?

विश्वासावरून एक कळकळीची विनंती. फोटो सुंदर करण्याच्या नादात रंग बदलू नका, दुसऱ्याचा फोटो उचलू नका आणि एआयने बनवलेलं चित्र तर चुकूनही लावू नका. हल्ली क्रोशाच्या आणि विणकामाच्या नावाखाली अशी बनावट चित्रं बरीच विकली जातात. चित्रात बाहुली अप्रतिम, पीडीएफ उघडली तर तसं काही होतच नाही. फसलेल्या बायका आता फोटो भिंगातून बघतात, टाके एका रांगेत आहेत का ते मोजतात. तुमच्यासारख्या हाताने विणणाऱ्या बाईला याचा फायदा आहे, तो घ्या. सुयांवर अर्धी झालेली शाल, तुमचे हात, बाजूला वही, असा एक फोटो प्रत्येक पॅटर्नला जोडा. एट्सीवर एका वस्तूला दहा फोटो तर सहज लागतात. तुम्ही दोनच लावलेत.

आता तुमचा खरा प्रश्न, की फोटोने नक्की किती फरक पडतो. फोटो गिऱ्हाईकाला दारापर्यंत आणतो आणि पहिली प्रत विकतो. पुढच्या प्रती पॅटर्न विकतो. रॅव्हलरीवर बायका स्वतः विणलेल्या वस्तूंचे फोटो त्या पॅटर्नखाली लावतात. 2007 पासून ही पद्धत आहे आणि त्या जागेची खरी ताकद तीच आहे. विकत घेण्यापूर्वी जाणकार बाई तुमचा फोटो बघते आणि लगेच खाली जाऊन इतरांचे बघते: जाड बाईवर कसं दिसतं, स्वस्त लोकरीत कसं होतं, नवशिकीला जमलं का. त्या परदेशी बाईंच्या शालीखाली असे फोटो भरपूर आहेत, मी पाहिले. तुमच्या शालीखाली एकच आहे, आणि तोही धूसर. म्हणून शाल नव्याने लावण्याआधी पाच-सहा जणींना पॅटर्न फुकट द्या, विणून घ्या, चुका कळवायला सांगा आणि दिवसाच्या उजेडात काढलेला एक फोटो मागा. कृतीही तपासली जाते आणि वेगवेगळ्या हातचे, वेगवेगळ्या रंगांतले फोटो पहिल्या दिवसापासून तिथे दिसतात. लेकीच्या त्याच मैत्रिणींना या कामाला लावा.

सगळं एकदम बदलू नका. आधी फक्त शालीचे फोटो बदला, बाकीचे सात पॅटर्न आहेत तसे ठेवा. एक वही घ्या. एट्सीवर किती जणांनी पान उघडलं ते दिसतं, रॅव्हलरीवर किती जणींनी आवडीत टाकलं ते दिसतं. दर रविवारी दोन्ही आकडे लिहा, शालीचे वेगळे आणि बाकीच्यांचे वेगळे. दोन-तीन महिन्यांनी बघा. पान उघडणारेच वाढले नाहीत, तर पहिला फोटो अजून बोलत नाही, तो बदला. पान उघडतात, आवडीत टाकतात, पण घेत नाहीत, असं असेल तर पुढच्या फोटोंत काहीतरी कळत नाहीये, किंवा लोकर किती लागेल, मापं कोणती हे वर्णनात राहिलंय. तुमच्या शालीच्या वर्णनात लोकर "चार गुंडे" लिहिलीय. तिकडच्या बाईला आपला गुंडा केवढा हे कसं कळणार? मीटर आणि ग्रॅम लिहा.

फोटो यजमानांनीच काढावेत असं मला वाटतं. त्यांचा हात स्थिर आहे, एकही फोटो हललेला नाही. त्यांना फक्त खिडकी कुठली आणि दिवा कुठला बंद करायचा ते सांगा. आणि विणीच्या जवळच्या फोटोला तुम्ही शेजारी उभ्या राहा, कारण पानाचा नमुना कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते तुम्हालाच माहीत आहे.

लीड्सहून कार्डिगनचे फोटो आले की मला पाठवा. हात वर केलेल्या फोटोत काखेजवळचे टाके ओढले जातायत का, ते मला बघायचंय. हँगरवरच्या फोटोत तिथे एक घडी दिसली. ती नुसती टांगल्याने पडलीय की तिथे टाके पुरेसे घटवले नाहीत म्हणून आलीय, ते अंगावर घातल्याशिवाय सांगता येणार नाही.